वेढा उठला की उठवला

३ नोव्हेंबर

चिमे,

तुला नगरपालिकेचं पत्र मिळालं असेलच. मला काल मिळालं. नव्या पुलाच्या बरोबर मधोमध एक दगड बसवायचाय, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या वेढ्याची आठवण म्हणून. मजकूर पाच ओळींचा, दोन्ही गावांना मान्य होईल असा. लिहायला दोन्हीकडून एकेक जाणकार. आमच्या गावानं माझं नाव दिलं आणि तुमच्या गावानं तुझं. दोन्हीकडच्या अध्यक्षांना आपण सख्खे भाऊबहीण आहोत हे माहीतच नव्हतं. तुझी वहिनी म्हणाली, "नदीच्या दोन्ही काठांना मिळून दोनच जाणकार, आणि तेही एकाच आईचे. आता बघा काय होतंय ते."

फोनवर मला हल्ली धड ऐकू येत नाही, आणि जे येतं ते भलतंच येतं. म्हणून पत्रानंच ठरवू. पूल पुरा व्हायला वसंत उजाडेल, तेव्हा घाई नाही.

माझा मसुदा देतो:

"या काठावर आमच्या सैन्याचा तळ होता. समोरच्या गडाला हिवाळाभर वेढा होता. गडाच्या किल्लेदारानं शरण येऊन किल्ल्या दिल्या. सेनापतीनं उदार मनानं त्या परत केल्या आणि वेढा उठवला. आमची चाळीस माणसं कामी आली."

आमच्या सेनापतीच्या बखरीत आहे तेच आहे, माझ्या पदरचं काही नाही. तीस वर्षं वर्गात हेच शिकवलं. तुला पटणार नाही हेही ठाऊक आहे. काय ते सविस्तर लिही.

बोक्याला सैन्याच्या मुख्य ठाण्यात कचेरीतलं काम मिळालं हे ऐकून जीव भांड्यात पडला. सरहद्दीवर काय चाललंय ते रेडिओवर ऐकतो. भाचा टेबलाशी बसलाय, बोटाला शाई लागेल तेवढीच, हे बरं झालं. भाऊजींना नमस्कार. माझ्या चष्म्याची काच पुन्हा सैल झालीय असं त्यांना सांग.

दादा


१२ नोव्हेंबर

दादा,

तुझा मसुदा यांना वाचून दाखवला. हे काच घासत होते. मान वर न करता म्हणाले, "लढाई संपली असं आपल्याला वाटत होतं." काच सैल होत नाहीये, तू चष्मा डोक्यावर चढवून झोपतोस त्यानं दांडी वाकते, असंही म्हणाले.

आता मुद्द्याचं. "वेढा उठवला" म्हणजे काय? बसायचा कंटाळा आला म्हणून उठवला? चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन या गावात आले तेव्हा मीही तुझंच खरं मानत होते. पण गडावरच्या संग्रहालयात माहिती सांगायच्या नोकरीला लागले, आणि गडाच्या किल्लेदारानं आपल्या राजाला पाठवलेला खलिता रोज डोळ्यांसमोर काचेखाली पाहू लागले. त्यात स्वच्छ लिहिलंय, की आम्ही दरवाजा उघडून बाहेर पडलो, तीन हजार शत्रू कापला, त्यांची मोठी तोफ गोळा टाकून फोडली आणि वेढा उठवून लावला. किल्ल्या दिल्याचा एक शब्द नाही. ती फुटकी तोफ आमच्या संग्रहालयाच्या अंगणात पडलीय. ये आणि हात लावून बघ.

माझ्या मते ओळ अशी हवी: "गडकऱ्यांनी वेढा उठवून लावला."

एका "लावला"साठी भांडते म्हणशील. पण मी गडावर लोकांना माहिती सांगत असताना तू त्या गटात प्रेक्षक म्हणून उभा राहून, हात वर करून, पन्नास माणसांसमोर "चूक, तोफ थंडीनं तडकली" म्हणाला होतास. तेव्हा वर्षभर तुझ्याशी बोलले नव्हते. नंतर तू या घरी पाऊल टाकलं नाहीस, गुडघ्यांचं निमित्त सांगतोस. तर निदान दगडावर तरी मी माझं सोडणार नाही.

बोक्याचं पत्र आलं. रोज संध्याकाळी रेडिओवर जे युद्धाचं निवेदन वाचतात, ते लिहिणाऱ्या खोलीत त्याला बसवलंय. खोलीत शेगडी आहे, जेवण गरम मिळतं. हे म्हणाले, निदान त्याचं अक्षर सुधारेल.

वहिनीला सांग, लोकर मिळाली. रंग छान आहे.

चिमी


२० नोव्हेंबर

चिमे,

तीन हजार! अगं, बखरीप्रमाणे आमचं सैन्यच तीन हजारांचं होतं. ते सगळे कापले गेले तर तंबू कुणी गुंडाळले? बैलगाड्या कुणी हाकल्या? मेलेल्यांनी? तुमचा किल्लेदार राजाकडे धान्य आणि बढती मागत होता. असा माणूस आकडा लिहिताना हात आखडता घेईल का?

तुझं म्हणणं कळतंय, आमचा बखरकारही काही हरिश्चंद्राचा अवतार नव्हता. सेनापतीच्या नातवाच्या पदरी होता, त्याचंच खात होता. आजोबा वेढा अर्धवट टाकून निघाले असं तो लिहील कसा? हे मी वर्गात कधी सांगितलं नाही, तुला सांगतो. पण चाळीसचा आकडा तरी माणसासारखा वाटतो. तीन हजार म्हणजे ऐकायलाच तोफ आहे.

ही लढाई थोडी पुढे चालू दे. खरं सांगू? निवृत्त झाल्यापासून माझ्याशी कुणी भांडतच नाही. गावच्या इतिहास मंडळात सगळे "हो सर, हो सर" करतात आणि चहा पिऊन जातात. तुझं पत्र आलं की सकाळ बरी जाते.

परवा रेडिओवर ऐकलं, नाल्याकाठच्या चकमकीत आपल्या लोकांनी शत्रूचे दोनशे मारले. तुझ्या वहिनीला म्हटलं, "हे वाक्य आपल्या बोक्यानं लिहिलं असेल." ती म्हणाली, "त्याला शाळेत निबंधाला कधी पंधरा ओळी सुचल्या नाहीत." पण मला अभिमान वाटला. तीनशे वर्षांनी कुणी मास्तर त्याचंच वाक्य पोरांना शिकवील. तू त्याला हे कळव.

तुझ्या खलित्याची नक्कल पाठव. पूर्ण पाठव, सोयीचं तेवढंच नको.

दादा


९ डिसेंबर

दादा,

उत्तराला उशीर झाला. संग्रहालयात थंडी फार आहे, आणि शाळांच्या सहली सुरू झाल्या आहेत.

तीन हजारांचं राहू दे. तो आकडा दगडावर नको. "उठवून लावला"ही नको. तुला "उठवला" लिहायचं असेल तर लिही. माझी हरकत नाही. किल्ल्यांचंही तुला वाटेल ते कर.

नक्कल करायला सवड झाली नाही.

बोका बरा आहे. हे बरे आहेत.

चिमी


१४ डिसेंबर

चिमे,

तुझं चिठ्ठीवजा पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, जिंकलो. वहिनीला हाक मारून सांगितलंसुद्धा. तिनं पत्र हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "ही तुमची बहीण नाही. तुमची बहीण असं सोडत नाही."

मग मलाही ते लागलं. म्हातारा झालाय, बहिरा झालाय, जाऊ दे, त्याच्या मनासारखं होऊ दे, असं तुझ्या मनात आलं का? लहानपणी आजारी पडलो की तू पटावर मुद्दाम हरायचीस, आणि मला ते कळायचं. मला तशी जीत नको. मी तुझ्याकडे कागद मागितला, दया नव्हे.

शिवाय आमचे अध्यक्ष हटून बसलेत. आकडा हवाच म्हणतात. त्यांच्या मते आकड्याशिवाय लढाई म्हणजे नुसती भांडाभांडी. तेव्हा तुझा आकडा सोडलास तर माझाच दगडावर जाईल. मग तुझ्या गावातले लोक तुला फाडून खातील, आणि खापर माझ्यावर फुटेल. नीट भांड.

बोक्यानं मामाला एक ओळ लिहिली नाही. लेखक झाला म्हणून काय झालं?

दादा


२ जानेवारी

दादा,

दया नव्हती रे. तुला सांगायचं टाळत होते, कारण एकदा लिहिलं की ते खरं होतं असं मला वाटत होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी बोका रजेवर घरी आला होता. तुझं ते अभिमानाचं पत्र मी त्याला जेवताना वाचून दाखवलं. मला वाटलं, हसेल. त्यानं ताटावरून हात काढून घेतला.

म्हणाला, "आई, तो दोनशेचा आकडा माझा आहे."

मी म्हटलं, "तूच लिहिलास ना, तेच मामा म्हणतोय."

"लिहिला नाही. केला. पलीकडे किती पडले ते कुणी मोजलं नव्हतं. धुकं होतं. साहेबांनी विचारलं, किती लिहिलंस? मी म्हटलं, जागा मोकळी सोडलीय. ते म्हणाले, मोकळी जागा रेडिओवर कशी वाचणार? मग मी पन्नास लिहिले. ते म्हणाले, एवढ्या थंडीत एवढ्यासाठी पोरं पाठवली का? मग मी दोनशे लिहिले. ते म्हणाले, शाब्बास."

हे म्हणाले, अरे, असं चालतंच. बोका म्हणाला, हो, चालतं. मग तो जेवला, पण माझ्याकडे बघितलं नाही. दोन दिवस राहिला आणि बहुतेक वेळ आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होता. मला वाटलं, थकलाय.

जाताना बसथांब्यावर त्यानं मला विचारलं, "तुझ्या त्या काचेखालचा कागद किल्लेदारानं स्वतः लिहिला होता का?"

मी म्हटलं, किल्लेदार कशाला लिहील, त्याचा लेखनिक असणार.

"किती वयाचा?"

दादा, इतकी वर्षं त्या कागदावरची धूळ पुसतेय, पण तो कुणीतरी बसून लिहिला असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आता रोज तो दिसतो. बोटं गारठलेली, शेजारी किल्लेदार उभा, आणि तो विचारतोय, किती लिहू?

त्यानंतर शाळेची एक सहल आली. मुलं तोफेभोवती उभी होती. "आपल्या शूर वीरांनी" इथपर्यंत बोलले आणि पुढचं तोंडातून निघेना. त्यांच्या बाई मुलांना म्हणाल्या, मॅडमना बरं नाहीये. व्यवस्थापकांनी मला खोलीत बोलावून घेतलं. ते चांगले आहेत, ओरडले नाहीत. म्हणाले, लोक पैसे देऊन वर चढून येतात ते "कुणास ठाऊक" ऐकायला नव्हे. आता मला तिकिटांच्या खिडकीत बसवलंय.

आणि पुढचं. परत गेल्यावर बोक्यानं एका निवेदनात आपल्या बाजूचे जेवढे मेले तेवढे लिहिले. खरे, ठाण्यावर आलेल्या तारांवरून मोजून. साहेबांना न दाखवता कागद पुढे गेला आणि रेडिओवर वाचला गेला. तू ऐकलं असशील, एक दिवस आपल्याकडचे एकसष्ट म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी ते चुकीचं होतं म्हणाले. तो त्याचा दिवस. शिक्षा वगैरे कागदोपत्री काही नाही. आघाडीवर माणसं कमी आहेत, एवढंच सांगून त्याला वर टेकड्यांत पाठवलं. हे त्यानं निघताना दोन ओळींत कळवलं. त्यानंतर काही नाही.

म्हणून म्हणते, उठवला म्हण, उठवून लावला म्हण. मला त्यातलं काहीच उचलवत नाही.

चिमी


८ जानेवारी

चिमे,

तुझं पत्र वहिनीनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं, कारण चष्मा असूनही मला अक्षरं लागेनात. चहा गार झाला.

मी जे अभिमानाचं लिहिलं ते माझ्या मनातून जात नाही. तू वाचून दाखवलंस, त्यात तुझा काय दोष.

काल सैन्याच्या भरती कचेरीत गेलो. तिथला अधिकारी माझा विद्यार्थी, मागच्या बाकावर बसायचा. फार आदरानं खुर्ची दिली. बोक्याची तुकडी कुठे आहे ते सांगता येत नाही म्हणाला. मी म्हटलं, तुला माहीत आहे की नाही एवढं तरी सांग. तो बराच वेळ टेबलाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "सर, आम्हालाही रेडिओवरूनच कळतं." दारापर्यंत सोडायला आला. वेढ्याच्या धड्यावर त्याला किती गुण पडले होते ते त्याला अजून आठवतं. मला नाही आठवलं.

मजकुराचं तुझ्या डोक्यावर ओझं नको. मी नवा करून पाठवतो, बघ:

"इथे एक हिवाळाभर वेढा होता. दोन्ही काठांवर माणसं मेली. किती, ते ठाऊक नाही. मग वेढा उठला."

"उठला" एवढंच. कुणी उठवला ते नाही. चारच ओळी होतात, पाचवी मोकळी राहू दे.

मी यायला निघतो म्हणतोय. वळसा घालून बस येते, दिवस जाईल, पण येईन.

दादा


३ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या मजकुराखाली सही करून दोन्ही नगरपालिकांना पाठवलाय. तुझ्या हातून एवढं साधं वाक्य उतरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

येऊ नकोस अजून. तू आलास की मला रडायला फुरसत मिळेल, आणि ते आत्ता परवडणार नाही.

गेल्या आठवड्यात सैन्याच्या कचेरीचा कागद आला. त्यावर टेकडीचं नाव आणि पुढे एकच शब्द आहे, बेपत्ता. बाकी सगळं छापील.

यांच्या दुकानातल्या जुन्या रेडिओवर पलीकडच्या देशाचं केंद्र लागतं. त्यांची भाषा यांना थोडी समजते. ज्या टेकडीवर बोक्याची तुकडी होती ती आपल्या शूर जवानांनी राखली, असं आपल्याकडे सांगितलं. तीच टेकडी आमच्या शूर जवानांनी घेतली, असं त्याच संध्याकाळी त्यांनी सांगितलं. म्हणजे एकच टेकडी दोघांनीही जिंकलीय, आणि माझा मुलगा त्या टेकडीवर होता. कुणाचं खरं झालेलं मला हवंय, तेच कळत नाही. यांना विचारलं. हे म्हणाले, "ज्याच्यात तो जिवंत असेल त्याचं."

हे हल्ली दुकान उघडतात, पण गिऱ्हाइकाला उद्या या म्हणतात. मी तिकिटं फाडते. लोक पायऱ्या चढून दमून येतात आणि खिडकीशी विचारतात, वर बघण्यासारखं काय आहे? मी म्हणते, नदी दिसते.

चिमी


२१ फेब्रुवारी

चिमे,

तुझ्याकडून काही आलं नाही, म्हणजे काही कळलेलं नाही असं धरून लिहितो. हे पत्र वाचायला मन नसेल तर बाजूला ठेव, घाईचं काही नाही.

काल दोन्ही नगरपालिकांची एकत्र सभा झाली. आपला मजकूर अध्यक्षांनी मोठ्यानं वाचला. मग तुमच्याकडच्या उपाध्यक्षांनी विचारलं, "उठला म्हणजे काय? आपला आपण उठला? वेढा काय झोपला होता?" लोक हसले. आमचे अध्यक्ष म्हणाले, "ठाऊक नाही हे दगडावर कोरायला पाथरवट कशाला लावायचा?" एवढ्या वर्षांत या दोन गावांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आपलं वाक्य नको, यावर ते झालं.

शेवटी ठरलं की मधोमध काही नको. पुलाच्या दोन टोकांना दोन दगड. आमच्या टोकाला "उठवला" आणि चाळीस, तुमच्या टोकाला "उठवून लावला" आणि तीन हजार. दोन्हीकडे दिवे. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उभा राहिलो, पण चार माणसांच्या चेहऱ्यांकडे बघून बसलो. चिडायचं त्राण नव्हतं. त्यांचं तरी काय चुकलं, हे सगळं मीच त्यांना शिकवलंय. चौघांपैकी तिघं माझ्या वर्गात होते.

इतिहास मंडळाचा राजीनामा दिला. मोठा निषेध वगैरे नाही. खुर्ची टोचते असं सांगितलं.

वहिनी रोज दारातून टपालवाल्याची वाट बघते आणि तो दिसला की आत येऊन बसते. तुझं अक्षर असेल तर मीच उघडावं म्हणून.

दादा


६ मार्च

दादा, वहिनी,

बोका आला. तार केली होती, ती मिळाली असेल. तरी माझ्या हातानं लिहिल्याशिवाय राहवेना.

दुपारची वेळ होती. मी तिकिटांची खिडकी बंद करून घरी आले, तर हा पायरीवर बसलेला. दाराला कुलूप नव्हतं, पण आत गेला नव्हता. मी कोण, काय, सगळं विसरून म्हटलं, "पाय पूस आणि आत ये." दुसरं काही सुचलं नाही. मग उठायला लागला तेव्हा दिसलं, डावा पाय टेकवत नाही. सरहद्दीजवळच्या कुठल्याशा दवाखान्यात होता. कागद हरवले होते, म्हणून त्यांनाही तो कोण ते ठाऊक नव्हतं आणि आपल्याला तो कुठे ते. पाय राहील म्हणतात. बोटं दोन गेली, बर्फानं.

खातो, झोपतो. टेकडीबद्दल एक अक्षर नाही. हे त्याच्याजवळ काच घासत बसतात, दोघंही गप्प, आणि दोघांनाही ते बरं वाटतंय असं दिसतं. मला मात्र गप्प राहणं जड जातं. आडून आडून विचारलं की तो माझ्याकडे असा बघतो, की मीच पाणी आणायला उठते.

शेजारपाजारचे येतात. परवा समोरच्या काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारून विचारलं, किती लोळवलेस? बोका म्हणाला, "रेडिओवर सांगितलं असेल." त्या दिवसापासून मी दार लोटून घेते.

पूल उघडलाय. आता वळसा नको. तू ये. फक्त एक कर, त्याला काही विचारू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे.

चिमी


२५ मार्च

चिमे,

परवा तुझ्या घरून निघालो आणि घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. पूल चालायला चांगला आहे. दोन्ही दगड पाहिले. अक्षर सुरेख कोरलंय, त्या पाथरवटाला नावं ठेवायला जागा नाही. मधे कठड्याला टेकून थोडा दम खाल्ला, मग पुढे निघालो.

मी त्याला काही विचारलं नाही. तू बाजारात गेली होतीस आणि भाऊजी दुकानात, तेव्हा जे झालं ते तुला सांगायचं आहे. तिथेच सांगणार होतो, पण तुझ्यासमोर बोललो असतो तर निम्मं विसरलो असतो आणि निम्मं वाढवलं असतं. बोक्यानंच सांगितलंय की आईला सांगा, मला जमणार नाही. म्हणून लिहून देतोय.

आम्ही मागच्या खोलीत बसलो होतो. तो पायाची पट्टी बदलत होता. मला वाकता येत नाही, म्हणून मी नुसता कात्री धरून होतो. तो म्हणाला, "मामा, तुमच्या त्या वेढ्यात किती माणसं मेली?"

हा प्रश्न मी तीस वर्षं परीक्षेत घातला. दोन गुणांना. चाळीस लिहिलं की दोन, नाहीतर शून्य.

मी म्हटलं, "माहीत नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही."

त्यानं पट्टीची गाठ मारली. मग बोलायला लागला. माझ्याकडे बघत नव्हता. त्याचे शब्द जसेच्या तसे देण्याचा प्रयत्न करतो.

"टेकडीवर हल्ला असा झालाच नाही. तोफा लांबून चालू होत्या. खालून रसद बंद झाली, तेव्हा आपले लोक धुक्यात उतरून गेले. आमचा आचारी पोटात गोळ्याचा तुकडा लागून पडला होता, त्याला उचलून उतरणं जमत नव्हतं. मी त्याच्याजवळ राहिलो. शौर्य नव्हतं, मामा. मला वाट माहीत नव्हती आणि त्याला होती. तो बरा झाला की दाखवील असं मला वाटत होतं. नंतर पलीकडची दोन माणसं वर आली. बंदुका होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं, भांडी पाहिली. एकानं आपली पाण्याची बाटली ठेवली. मग तेही उतरून गेले, त्यांनाही तिथे थांबायचं नव्हतं. त्या टेकडीवर कुणीच नव्हतं. आम्ही दोघं होतो. मग आचारी गेला आणि मी एकटा होतो. त्याच्यावर दगड रचले आणि उताराला लागलो."

कात्री हातातच होती.

मग तो म्हणाला, "किती मेले विचारतात ना सगळे? मला एक माहीत आहे. बाकीचे त्यांनी लिहावे."

त्या आचाऱ्याला सगळे आचारीच म्हणायचे. त्याचं गाव बोक्याला ठाऊक नाही. नदीकाठचं कुठलं तरी असावं, कारण पाणी पिताना तो आमच्या नदीच्या पाण्याची चव याला नाही म्हणायचा. कचेरीत त्याचीही नोंद बेपत्ता अशीच असणार. म्हणजे कुठेतरी एक घर अजून टपालवाल्याची वाट बघतंय. बोक्याला तिथे जायचंय. पाय टेकायला लागला की लगेच.

मी म्हटलं, पत्ता मी शोधतो. भरती कचेरीतल्या माझ्या त्या विद्यार्थ्याकडे उद्या सकाळी जातोय. तो मागच्या वेळेसारखा टेबलाकडे बघत बसला तर बघू दे. मी खुर्चीवर बसून राहीन. मला काही घाई नाही आणि ऐकूही कमी येतं, तेव्हा नाही म्हटलेलं मला कळणार नाही.

हे सगळं त्यानं सांगितलं तसं आहे. मी एक शब्द वाढवलेला नाही. वाचून झालं की त्याला फक्त एवढंच सांग, मामाचं पत्र आलं.

दादा